पोट भरावे, भार वाढू नये



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहीजण हसतील, काहींना कदाचित रागही येईल. "नंदुरबार जिल्ह्यातल्या माणसाला तुम्ही वजन उतरवायला सांगता? अहो, इथे आधी वजन आहे कुणाला?" असे कोणी विचारले, तर तो प्रश्न रास्तच आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा निघून हा जिल्हा झाला. बाहेरच्या लोकांनी त्याचे नाव ऐकले, ते बहुतेक वेळा कुपोषणाच्या बातमीत. अक्राणीच्या पाड्यावर डोंगर चढउतार करणाऱ्या बाईला किंवा ऊसतोडीला परमुलखात जाणाऱ्या जोडप्याला "कमी खा" म्हणणे हे पाप आहे. तसे मी म्हणणार नाही.

तरीही हा विषय घेतला, त्याला कारण आहे. सातपुडा उतरून खाली तापीकाठच्या सपाटीवर या. शहादा, तळोदा, नंदुरबार, नवापूर, कुठल्याही गावी दवाखान्याच्या बाकावर घटकाभर बसून पाहा. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, गुडघे धरलेले, अशी चाळिशी-पन्नाशीची माणसे तिथे भेटतील. २०१९ ते २०२१ या काळात देशभर जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या दर चार स्त्रियांपैकी जवळजवळ एकीचे वजन वाजवीपेक्षा जास्त निघाले. पुरुषांचेही प्रमाण जवळपास तेवढेच. आणि त्याच पाहणीत, पाच वर्षांच्या आतल्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ एक मूल वजनाने कमी निघाले. दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच तालुक्यात, आणि कधीकधी एकाच घरात असतात.

असे एक घर आपण डोळ्यांसमोर आणू. घर मनातले आहे, पण आपल्या ओळखीचे वाटेल. शहाद्याकडचे गाव. घरात बावन्न वर्षांचे आबा. तरुणपणी बैलांमागे दिवसभर चालायचे, मोटेला, पेरणीला, कापसाला राबायचे. तेव्हा तीन भाकरी खाल्ल्या तरी कमीच पडायच्या. आता ट्रॅक्टर आला, पंपाचे बटण आले, शेतावर जायला मोटारसायकल आली. काम हलके झाले, ताट मात्र होते तेच राहिले. उलट त्यात शेव आली, भजी आली, चहाच्या फेऱ्या वाढल्या. डॉक्टरांनी टेप लावून कंबर मोजली आणि सांगितले, "आबा, दहा किलो तरी उतरले पाहिजे."

आबा मनाचे पक्के. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा. चार वाजता पोटात कावळे ओरडू लागले. बसस्टँडवर गेले, तिथे गरम भजी दिसली, वर दोन कप चहा झाला. रात्री भूक खवळलेलीच. चौथ्या दिवशी आबा म्हणाले, "उपाशी राहून जगायचं तरी कशाला? आपल्याला नाही जमत."

त्याच घरात दीड वर्षाचा नातू आहे. हातपाय काटकुळे. आजी त्याला मायेने डाळीवरचे पाणी भरवते, पातळ पेज पाजते. "लेकराला हलकं बरं," म्हणते. वाटी संपते, लेकरू तोंड फिरवते, आजी म्हणते, "पोट भरलं बाई त्याचं." पण लेकराचे अंग काही भरत नाही.

श्रोतेहो, आज मला जे सांगायचे आहे ते या घरातच सापडते. पोट भरणे आणि अंग भरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आबांना हवे आहे पोट भरणारे आणि अंग न वाढवणारे अन्न. नातवाला हवे आहे लहानशा पोटात मावून अंग भरणारे अन्न. आणि या घरात नेमके उलटे चालले आहे.

हे असे का होते ते पाहू. अन्नातली शक्ती आपण उष्मांकांत मोजतो, बोलताना कॅलरी म्हणतो. पिठूळ पदार्थ, साखर, डाळीतली प्रथिने यांच्या एका ग्रॅममध्ये सुमारे चार उष्मांक असतात. तेलातुपाच्या एका ग्रॅममध्ये नऊ असतात. पाण्यात काहीच नसतात. भाजीपाल्याच्या चोथ्यात अगदी थोडे.

आता कापसाचा दाखला घ्या. सुटा कापूस गाडीत भरला तर गाडी फुगून दिसते. तोच कापूस दाबून गाठ बांधली तर गाडीच्या कोपऱ्यात मावतो. तेल, शेव, फरसाण, पेढा ही दाबून बांधलेली गाठ समजा. गिलके, दुधी, काकडी, पालेभाजी हा सुटा कापूस. आपले पोट मुख्यतः गाडी किती भरली हे पाहते, माल किती हे त्याला लवकर कळत नाही. जठर ताणले गेले की मज्जातंतूंमार्फत मेंदूला वर्दी जाते. अन्न आतड्यात उतरल्यावर तिथून काही रस रक्तात सुटतात, तेही "आता पुरे" असे सांगतात. चोथा आणि प्रथिने असली की ही वर्दी जास्त वेळ टिकते. आणि ती पोहोचायला वेळ लागतो, साधारण पंधरा-वीस मिनिटे. जो माणूस पाच मिनिटांत ताट संपवतो, त्याची वर्दी वाटेत असतानाच तो दुसऱ्यांदा वाढून घेतो.

शास्त्रज्ञांनी हे माणसांवर तपासून पाहिले आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बार्बरा रोल्स नावाच्या बाईंनी १९९९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. जेवणाआधी काही स्त्रियांना एक पदार्थ दिला. एकदा तो नुसता दिला. एकदा त्याच्यासोबत पेलाभर पाणी दिले. आणि एकदा तेवढेच पाणी त्या पदार्थातच घालून, त्याचे पातळ सार करून दिले. साहित्य तेच, पाणी तेवढेच. पण सार घेतले त्या दिवशी त्या पुढच्या जेवणात कमी जेवल्या, आणि पाणी वेगळे प्यायले त्या दिवशी तसा फरक पडला नाही. म्हणजे तहानेला पाणी प्यावेच, पण पोटाला आधार व्हायचा तर पाणी अन्नात मुरलेले असावे. आपली पातळ उडदाची दाळ, ताकाची कढी, गिलक्याची रसभाजी म्हणजे असेच अन्नात मुरलेले पाणी.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात १९९५ साली अडतीस पदार्थ तपासले गेले. सारख्याच उष्मांकांचे वाटे देऊन, कोणत्या पदार्थाने पोट जास्त वेळ भरलेले वाटते ते पाहिले. पहिला नंबर कुणाचा आला असेल? साध्या उकडलेल्या बटाट्याचा! शेवटचा नंबर लोणी घालून केलेल्या पावासारख्या एका पदार्थाचा. म्हणजे दोष बटाट्याचा नव्हे. बटाटा तेलात तळून त्याचा वेफर केला की त्यातले पाणी जाते आणि तेल येते. दोष तिथे आहे.

आता आपण आबांच्या ताटाचा हिशेब करू. गुरुजींनी फळ्यावर मांडावा असा सोपा आहे.

साठ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी म्हणजे सुमारे दोनशे उष्मांक. आबांच्या जुन्या ताटात तीन भाकरी, झाले सहाशे. जोडीला आपली आवडती शेवभाजी. तिच्यातली पन्नास ग्रॅम शेव म्हणजे पावणेतीनशे, आणि वर तरंगणारी मोठा चमचाभर तर्री म्हणजे आणखी एकशे पस्तीस. बेरीज हजाराच्या वर जाते.

नव्या ताटात दोन भाकरी ठेवू, चारशे. वाटीभर उडदाची दाळ, चहाच्या चमच्याने एक चमचा तेलाची फोडणी देऊन, सुमारे दीडशे. दोन वाट्या गिलक्याची किंवा दुधीची भाजी, तिलाही एकच चमचा तेल, सुमारे ऐंशी. काकडी, मुळा, कांदा यांची भरपूर कोशिंबीर, वीस. पेलाभर पातळ ताक, चाळीस. बेरीज सातशेच्या आत आली. ताट पाहाल तर हे दुसरे मोठे दिसते, खायला वेळ जास्त लागतो, चावावे लागते आणि पोटाला आधार संध्याकाळपर्यंत टिकतो. तीनशेच्या वर उष्मांक कमी झाले, पण ते आबांच्या पोटाला समजले नाहीत. रोज एवढे साधले तर पहिले काही महिने महिन्याला किलोभर वजन उतरू शकते. पुढे गती मंदावते, कारण हलक्या झालेल्या शरीराला लागतेही कमी. तेव्हा धीर सोडू नये.

यात नवीन काही विकत आणायला सांगितलेले नाही, हे ध्यानात घ्या. आपली दादर ज्वारी आहे. कळण्याची भाकरी आहे, तिच्यात ज्वारीच्या जोडीला उडीद असल्यामुळे प्रथिनेही मिळतात. नवापूरची तूर आहे. पावसाळ्यात अंबाडी, तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला आहे. वांग्याचे भरीत तर आपला मानाचा पदार्थ. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्यात तेल नसतेच, आपण नंतर घालतो तेवढेच. ते चमच्याने मोजून घाला, बाटलीने ओतू नका. एवढी एक सवय लागली तरी अर्धे काम झाले.

आणि पपई! शहादा तालुक्यात पपईचे मळेच्या मळे. गाड्या भरून पपई परमुलखात जाते आणि मळ्याचा मालक घरी येऊन फरसाण खातो. पाव किलो पपईच्या फोडींत सुमारे शंभर उष्मांक, तर मूठभर फरसाणातही तेवढेच. चार वाजताच्या भुकेला यापैकी कोणते पुरेल, हे आपणच ठरवा. साखरेचा आजार असलेल्यांनी मात्र फळाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

चहाचेही सांगतो. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे चाळीस उष्मांक. दिवसाला पाच कप झाले तर नुसत्या साखरेचे दोनशे. आणि हे उष्मांक पोटाला कळतच नाहीत, वाहून जाणारे पेय भूक भागवत नाही. पाहुण्याला चहा नाकारता येत नाही, हे मला कळते. पण कप अर्धा करता येतो, साखर एक चमचा करता येते. पंधरा दिवसांत जीभ सरावते.

उपासाचे तर विचारूच नका. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण आपल्याच लोकांनी केलेली. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात दाण्याचे कूट आणि तूप, वर तळलेले पापड. उपास देवाला पोचतो, उष्मांक कमरेला. उपास करायचाच तर सातपुड्यातली भगर घ्यावी, सोबत ताक, काकडी, फळ. आणि सारंगखेड्याच्या यात्रेत एक दिवस जिलेबी खाल्ली म्हणून जग बुडत नाही. वर्षातले यात्रेचे दिवस थोडे असतात, रोजचे ताट तीनशे दिवसांचे असते.

घरातल्या बाईबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत. ती सर्वांत शेवटी जेवते. उरलेली भाकरी, तव्यातली शेवटची भाजी, लेकराने टाकलेला घास, "वाया जायला नको" म्हणून तिच्या पोटात जाते. ताज्या भाजीचा आणि दाळीचा वाटा मात्र आधीच संपलेला असतो. म्हणून पुष्कळ स्त्रिया अंगाने जाड दिसतात आणि रक्ताने कमी असतात. त्याच देशव्यापी पाहणीत निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी निघाले होते. जाड दिसते म्हणून खाऊन-पिऊन सुखी, असे समजू नका. तिचे ताट सर्वांबरोबर वाढा. वजन उतरवण्याचा याहून चांगला उपाय मला तरी ठाऊक नाही, आणि याला पैसाही पडत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. हे सगळे कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही? साधी दोरी किंवा शिंप्याचा टेप घ्या. बेंबीच्या किंचित वर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रीची ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, याहून जास्त असेल तर आजचे भाषण आपल्यासाठी आहे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातेसाठी ते नाही. वाढत्या मुलांसाठी नाही. जड कष्ट करणाऱ्या सडपातळ माणसासाठी नाही. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण घटवू नये, साखर एकाएकी उतरून घात होतो. आपल्या भागात सिकलसेलचा आजार बराच आहे. अशा व्यक्तीने कडक उपास करू नये आणि शरीराला पाणी कमी पडू देऊ नये. आणि काही न करता कुणाचे वजन आपोआप उतरत असेल, तर आनंद मानू नका. क्षयाची आणि साखरेची तपासणी ताबडतोब करून घ्या.

आता नातवाकडे वळू. दीड वर्षाच्या लेकराचे पोट केवढे? एक वाटी, फार तर थोडे जास्त. ती वाटी डाळीच्या पाण्याने भरली तर गाडी भरली, माल शून्य. म्हणून त्याची वाटी उलट्या रीतीने भरायची. दाळ गाळून वरचे पाणी देऊ नये, खालची घट्ट दाळ भाकरी किंवा भातात कुस्करून द्यावी. तिच्यात चमचाभर तेल किंवा तूप घालावे. दाण्याचे बारीक कूट, कुस्करलेले अंडे, केळे द्यावे. अख्खा दाणा देऊ नये, घशात अडकतो. दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे, समोर बसून भरवावे. जे तेल आबांच्या ताटातून काढले, तेच नातवाच्या वाटीत घालायचे. घरातले तेल तेवढेच राहिले, फक्त जागा बदलली. गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी आदिवासी भागात २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली, तिच्यात रोज एक वेळचा चौरस, ताजा आहार आणि मुलांसाठी अंडी-केळी अशी योजना केली, ती याच विचाराने. अंगणवाडीताई जे सांगते ते ऐका. लेकरू झडत चालले असेल तर घरी प्रयोग करत बसू नका, तिच्याकडे न्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याला एक विनंती आहे. शाळेत एक दिवस "शंभर उष्मांकांचे प्रदर्शन" भरवा. टेबलावर दोन चमचे तेल ठेवा, शेजारी मूठभर शेव, शेजारी अर्धी भाकरी, शेजारी पाव किलो पपई, शेवटी अर्ध्या किलोहून जास्त काकड्यांचा ढीग. या प्रत्येकात जवळजवळ शंभरच उष्मांक आहेत, हे सांगा. मग मुलांना दोन प्रश्न विचारा. "घरातल्या पोट सुटलेल्या मोठ्या माणसाला यातले काय द्याल? आणि अंगणवाडीतल्या रोडक्या भावंडाला काय द्याल?" पोरे बरोबर उत्तर देतात. संध्याकाळी तो धडा घरी पोचतो, कारण पोराचे बोलणे आबा ऐकतात, डॉक्टरचे ऐकत नसले तरी. एक मात्र सांभाळा. कुठल्याही मुलाला वर्गासमोर उभे करून त्याचे वजन किंवा जाडी बोलून दाखवू नका. लठ्ठ म्हणून हसले गेलेले मूल आणि रोडके म्हणून हसले गेलेले मूल, दोघेही ते जन्मभर विसरत नाहीत.

श्रोतेहो, आपल्या आजीआजोबांना पोटभर जेवण ही मोठी गोष्ट होती. "पोट भरलं का?" हा आपल्याकडे मायेचा प्रश्न आहे, तो तसाच राहू द्या. आबांना उपाशी उठवू नका. त्यांच्या ताटात भाजी दुप्पट करा, दाळ राखा, तेल मोजा, शेव सणापुरती ठेवा, आणि जेवायला वीस मिनिटे द्या. जेवण झाल्यावर मळ्यापर्यंत एक फेरी पायी होऊ द्या, मोटारसायकल दारात उभी राहिली तर गंजत नाही. आणि नातवाच्या वाटीत तो वाचलेला चमचा घाला.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा एकदा दोन्हीकडे पाहा, मोठ्या ताटाकडे आणि छोट्या वाटीकडे. काय कुठून कुठे हलवायचे ते आपल्याला लगेच कळेल.